चवरी

आमच्या आंजीच्या घरासमोर सहा वर्षे एक गवत उभे होते. त्याला तीन नावे होती. रोपवाटिकेतल्या पाटीवर ते 'फाउंटन ग्रास' होते, वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत 'पेनिसेटम सेटेशियम' होते आणि घरात, त्याचा पहिला तुरा बाहेर पडला त्या दिवसापासून, 'चवरी' होते. हे तिसरे नाव आईंनी दिलेले. देवावर ढाळायच्या चवरीसारखाच तो तुरा लांब, मऊ, पांढुरका आणि उन्हात किंचित जांभळट झाक दाखवणारा होता. 'फाउंटन'चा अनुवाद म्हणून आम्ही 'कारंजे गवत' असे सुचवून पाहिले. पण कारंजा हे आमच्याच जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असल्यामुळे आईंना ते हास्यास्पद वाटले. चवरी हेच नाव टिकले.

आज ते गवत अंगणात नाही. आम्हीच ते आणले, वाढवले, लोकांना वाटले आणि शेवटी आम्हीच उपटले. या व्यवहारात आम्ही काय शिकलो, आणि वर्गात इतकी वर्षे जे शिकवत होतो त्यातले काय आम्हांला कळले नव्हते, याचा हिशेब एकदा मांडावा म्हणून हे लिहितो आहोत.

आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, धाम नदीच्या खोऱ्यातले गाव. जमीन काळी, कपाशीची. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वडिलोपार्जित घराची दुरुस्ती करून २०१६ साली आम्ही येथे राहायला आलो, तेव्हा घरासमोरच्या मोकळ्या जागेत हिरवळ असावी असे फार वाटत होते. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा गावात हिरवळीला पाणी घालणे हा उघड उद्धटपणा झाला असता. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "हे घेऊन जा सर. आफ्रिकेचं आहे, पाणी मागत नाही." त्याचे हे म्हणणे खरे होते. उत्तर आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशांतले हे गवत. आम्ही बारा रोपे आणली.

ती लावत असताना शेजारचे काकाजी कुंपणाशी येऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, पाच एकरांचे शेतकरी.

"हे कायले लावता जी सर? ढोरं खातेत का?"

"फारसं नाही खात, काकाजी."

"मंग पाखरं?"

"तेही नाही."

"म्हंजे नुसतं पाहाले," ते म्हणाले आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, "पाहा मंग."

या उद्गारात टीका होती की परवानगी, हे आम्हांला तेव्हा कळले नाही. सौंदर्याची स्वायत्तता हा विषय आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. उपयुक्ततेच्या पलीकडे असलेल्या वस्तूचे समर्थन कसे करावे, याची सर्व प्रमाणे आम्हांला तोंडपाठ होती. काकाजींसमोर त्यांतले एकही आठवले नाही.

ती बाराही रोपे त्याच जुलैत मेली. उन्हाने नव्हे, पावसाने. दुष्काळाला न भिणारे गवत म्हणून ज्याची कीर्ती ऐकली होती, ते आठ दिवसांच्या झडीत मुळाशी काळे पडून कुजले. कारण नंतर उमगले. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते; तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात आणि ज्या मुळांना निचऱ्याची सवय आहे ती गुदमरतात. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. तुकोबांचे लव्हाळे महापुरात वाचते, ही आपल्या सर्वांच्या मनातली गवताची प्रतिमा. नम्र राहणारा तरतो, असा तिचा बोध. आमच्या गवताने त्या बोधाला एक अट जोडली. प्रत्येक गवताचा पूर वेगळा असतो, आणि उपाशी राहायला शिकलेल्याला कधीकधी भरल्या ताटानेच अपाय होतो.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, आम्ही शहाण्यासारखे वागलो. दीड फूट उंचीचा वाफा केला. त्यात निम्मा मुरूम, थोडी वाळू आणि उरलेली माती घातली. शेणखत अगदी जेमतेम, कारण जादा खताने हे गवत माजते, पाने लांबतात आणि सगळा ठोंब मध्यातून फाकून आडवा पडतो. दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवले. जागा दिवसभर उन्हाची निवडली; सावलीत हे गवत जगते, पण तुरे धरत नाही. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा पाणी दिले. मुळे खाली गेल्यावर उन्हाळ्यातही पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरले.

पुढे या गवताचे एक पंचांगच तयार झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळा ठोंब दोरीने बांधायचा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापायचा. पानांच्या कडा चरचरीत असतात, म्हणून हातांना फडके गुंडाळायचे. हे काम लांबणीवर टाकून एप्रिलमध्ये केले, तर नवी पालवी उन्हात करपते; हा धडा आम्ही एकदा परीक्षांच्या धामधुमीत शिकलो. तीन-चार वर्षांनी ठोंब मध्यभागी पोकळ होतो, जिवंत भाग कडेने उरतो. मग मृग लागला की तो कुदळीने उपसून त्याच्या फोडी करायच्या, मधला मेलेला भाग टाकून द्यायचा आणि कडेच्या फोडी पुन्हा लावायच्या. श्रावणात तुरे येऊ लागतात आणि थंडी सरेपर्यंत राहतात. दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन त्यांच्या पाठीमागून येते तेव्हा प्रत्येक तुऱ्याभोवती उजेडाची एक कड उमटते. तपासायच्या उत्तरपत्रिका घेऊन आम्ही त्या वेळेला मुद्दाम ओट्यावर बसत असू, आणि पुष्कळदा त्या तशाच राहत.

२०१९ च्या उन्हाळ्यात या गवताची खरी ओळख झाली. आमच्या विहिरीला दिवसाआड दोन हंडे पाणी येत होते. जास्वंद गेली, मोगरा गेला, कुंडीतली तुळस आईंनी भांडी विसळलेल्या पाण्यावर कशीबशी जगवली. चवरीला आम्ही सलग सात आठवडे पाणी दिले नाही. ती पिवळी पडली, पाने सुरळीसारखी गुंडाळून घेतली आणि थांबली. मक्का, ऊस, ज्वारी, बाजरी यांच्या पानांत असते तशीच रचना हिच्याही पानांत असते. कर्बवायू आधी एका कप्प्यात साठवून मग दुसऱ्या कप्प्यात त्याचे अन्न करायचे. त्यामुळे पानांची रंध्रे फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचते. पहिल्या वळवानंतर नवव्या दिवशी तिला हिरवे कोंब आले. त्या उन्हाळ्यात तिच्याविषयी आमच्या मनात जे निर्माण झाले त्याला कौतुक म्हणणे अपुरे होईल. तो आदर होता. कमी मागून जगणाऱ्या या जिवाकडे पाहून आम्हांला आमच्याच गावाची माणसे आठवत.

आदर वाटला की माणूस वाटू लागतो. दर मृगाला ठोंब फोडायचे, आणि फोडी उरायच्या. आम्ही त्या सहकाऱ्यांना दिल्या, नातेवाइकांना दिल्या, निवृत्त होणाऱ्या एका स्नेह्यांना शालीऐवजी रोप दिले आणि त्यावर चार भारदस्त वाक्येही बोललो. 'दुष्काळी प्रदेशाचे सौंदर्य' असा काहीसा त्या भाषणाचा विषय होता.

मग २०२१ सालची कोजागिरी आली. आमच्याकडे या दिवसांत मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई आणि भुलोजी यांची मातीची जोडी ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवायची, गाणी म्हणायची आणि खिरापत ओळखायची. आमच्या लेकीने धांडे आणायला सांगितले. आम्ही काकाजींकडे गेलो. त्यांच्या वावरात सोयाबीन होते, पलीकडे कपाशी, त्यापलीकडे तूर. "ज्वारी कोन पेरते आता?" ते म्हणाले. "पाखरं खातेत, डुकरं खातेत, रोही खातेत. राहिलं थे कापाले मानूस भेटत नाही." एके काळी या भागात घरची ज्वारी आणि दारचा कडबा नसलेला शेतकरी नव्हता. सोयाबीन आले, बैल कमी झाले, रेशनचा गहू आला, आणि ज्वारीचा धुरा मागे सरकत सरकत दिसेनासा झाला. त्या दिवशी सायकलवर दोन गावे फिरूनही आम्हांला पाच धांडे मिळाले नाहीत. लेकीने शेवटी चवरीचे तुरे कापले, बांबूच्या कामट्यांना बांधले आणि त्यांचे मखर केले. ते अतिशय सुंदर दिसले. आईंनी ओवाळताना मात्र विचारले, "हिला कणीस कुठं आहे?" आम्ही हसण्यावारी नेले.

दोन वर्षांनी हा प्रश्न परत आला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि महाविद्यालयांतून त्यानिमित्त कार्यक्रम होत होते. अशाच एका कार्यक्रमात 'आपल्या मातीतले, अस्सल देशी धान्य' म्हणून ज्वारीचा गौरव झाला. त्याच आठवड्यात एम. ए.च्या वर्गात देशीवाद शिकवायचा होता. नेमाड्यांची मांडणी सांगून झाल्यावर, वर्ग थोडा जागा व्हावा म्हणून आम्ही झुणका-भाकरीची गोष्ट काढली. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत तिच्या तुसांचे ठसे आहेत, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. आपल्याकडे ती आली त्यालाही चारेक हजार वर्षे होत असतील. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. झुणक्याचा हरभरा पश्चिम आशियातून आलेला. वरची हिरवी मिरची तर पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेली. म्हणजे ज्या घासाला आपण अस्सल मराठी म्हणतो, त्यात मराठी मुलुखातले फक्त पाणी आणि भाजणारा हात. मुलांना गंमत वाटली. एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिने आमचे अंगण पाहिले होते.

"सर, मग तुमची चवरीपण चार हजार वर्षांनी देशी होईल का?"

आम्ही 'का नाही?' असे उत्तर दिले. देशीपण हे जन्मस्थानावर ठरत नसते, रुजण्यावर ठरते, असेही काहीतरी पुढे बोललो. वर्गाला ते आवडले. आम्हांलाही आवडले. घरी येताना आपण एक चांगला मुद्दा मांडला, असे समाधान दोघांच्याही मनात होते.

भाद्रपदाच्या अखेरीस काकाजींनी हाक मारली. ते त्यांच्या धुऱ्यावर उभे होते. "सर, तुमची चवरी माह्या धुऱ्यावर कोनं आनून लावली?" कोणीच लावली नव्हती. एकवीस रोपे होती. काही हातभर उंच, दोघातिघांना तुरे आलेले. आमच्या वाफ्यापासून ती जागा दीडशे पावलांवर होती. मधल्या रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगात, नालीच्या काँक्रीटच्या सांध्यात जी रोपे होती ती आम्ही मोजली नाहीत. एरवी आम्ही रोज त्याच रस्त्याने जात होतो.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याला आम्ही तुरा दाखवला. त्यांनी पुढच्या अर्ध्या तासात जे सांगितले ते आम्ही सहा वर्षांपूर्वी विचारायला हवे होते. या गवताला बी धरायला दुसऱ्या रोपाच्या परागाची गरज पडत नाही. एकटे रोपही स्वतःच्याच प्रतिकृती असलेले बी हजारोंनी तयार करते. त्या बियांना केसाळ राठ लव असते, ती वाऱ्यावर जाते, पाण्यावर जाते, जनावराच्या अंगाला आणि माणसाच्या कपड्याला चिकटून जाते. मातीत पडलेले बी सहा-सात वर्षे जिवंत राहते. हवाई बेटांवर हे गवत विसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी नेले गेले आणि तेथील लाव्हाच्या पठारांवर पसरले. त्याची वाळलेली पाने वणव्याला सरपण पुरवतात. वणव्यात तिथली मूळची झाडे मरतात आणि हे गवत बुडख्यातून पुन्हा फुटते. म्हणजे ते ज्या आगीला आमंत्रण देते, तीच आग त्याच्यासाठी जागा मोकळी करते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये घातक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव घातले आणि त्याची विक्री व लागवड यांवर बंदी आणली. ज्या वर्षी आम्ही मुरमाचा वाफा करून ते मोठ्या प्रेमाने लावले, तेच हे वर्ष.

आमच्याकडे उन्हाळ्यात धुरे पेटवतात. हे वाक्य सहकाऱ्यांनी उच्चारले नाही. आमचे आम्हांलाच आठवले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आम्हांला अधिक अस्वस्थ करून गेली. २०१० पासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेनिसेटम हा वंश सेंक्रस या वंशात मिळवून टाकला आहे. त्यामुळे आमची चवरी आता 'सेंक्रस सेटेशियस' झाली, बाजरीही त्याच वंशात आली, आणि आपल्या कुरणांत जनावरांचा उत्तम चारा म्हणून नावाजलेले अंजन गवतही त्याच वंशातले. हे अंजन आफ्रिकेचे आहे तसे आपलेही आहे. तेच अंजन अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात चाऱ्यासाठी नेले गेले, आणि आज तिथल्या सग्वारो या उंच निवडुंगांच्या रानात वणवे आणणारे संकट म्हणून ते उपटण्यासाठी माणसे उन्हातान्हात राबतात. तेव्हा चवरी आफ्रिकेची आहे म्हणून वाईट, असे म्हणायची सोय उरली नाही. एकाच वंशात एक आपली भाकर, एक आपल्या गाईचा चारा, आणि एक आपल्या धुऱ्यावरचे ओझे. मग फरक कशात आहे?

तो फरक काकाजींना ठाऊक होता. धुऱ्यावरचा एक तुरा त्यांनी बोटांत धरून नुसता ओढला. सगळे बी त्यांच्या हातात आले, आणि हात उघडताच उडून गेले. "पाहा," ते म्हणाले, "हे थांबत नाही. ज्वारी थांबते."

शास्त्रही हेच सांगते. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो. गळणे हेच त्याचे जगणे. कोणे एके काळी आफ्रिकेतल्या कुणा बायामाणसांनी ज्या ताटांवर दाणे गळाले नव्हते ती ताटे कापून घरी नेली, त्यांतलेच पुढच्या वर्षी पेरले आणि हे शेकडो वर्षे केले. हळूहळू ज्वारीने गळणे सोडले. सुदानच्या त्या खापरांतल्या तुसांवरून संशोधकांनी जे ओळखले ते हेच, की त्यातले काही दाणे आपोआप गळालेले नव्हते, मळणी करून सोडवलेले होते. या बदलात ज्वारीने फार मोठी गोष्ट गमावली. माणसाच्या हाताशिवाय तिला आता फारसे भवितव्य नाही. पीक उभे असेल आणि कापायला कोणी आलेच नाही, तर ती तशीच उभी राहील, वाट पाहत, पाखरे येईपर्यंत. ती चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे वाऱ्यावर आली नाही. कोणीतरी गाठोड्यात बांधून आणली, पेरली, निंदली, राखली, आणि तिच्या पिठाची आंबील महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ठेवली. 'रुजणे' हा शब्द आम्ही वर्गात फार सैल वापरला होता. चवरीसुद्धा रुजली होतीच. नालीच्या काँक्रीटमध्येसुद्धा रुजली होती.

आईंनी भुलाबाईला ओवाळताना विचारलेला प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने ऐकू आला. हिला कणीस कुठे आहे? त्या मखरात धांडे असतात ते शोभेसाठी नसतात. ज्या पिकाने माणसासाठी थांबायचे कबूल केले, त्याचा तो मान असतो. आणि तोच मान द्यायला त्या वर्षी आमच्या गावात पाच धांडे नव्हते. परकी चवरी आली म्हणून ज्वारी गेली, असे मुळीच नाही. ज्वारी आधीच गेली होती, आणि तिच्यासाठी थांबणारा हात आपला होता, तो आपण काढून घेतला होता. रिकाम्या धुऱ्यावर मग ज्याला हात लागत नाही ते उगवले.

उपटण्याचे काम आम्ही त्याच दसऱ्याच्या सुट्टीत केले. आधी सगळे तुरे कापून पोत्यांत घालून पोत्यांची तोंडे शिवली. मग ठोंब मुळांसकट खणले. मुळे अपेक्षेपेक्षा पुष्कळ खोल गेली होती. मुरमाचा वाफा आम्हीच इतका उत्तम केला होता, त्याला ती काय करणार? काकाजी दोन दिवस सोबत होते. जन्मभर काळ्या जमिनीतला कुंदा खणण्यात गेलेला हा माणूस एकदाही "मी म्हनलं होतं" असे म्हणाला नाही. धुऱ्यावरची रोपे मात्र त्यांनी आम्हांला उपटू दिली नाहीत. ती त्यांनी स्वतः उपटली.

खरे कठीण काम पुढचे होते. दिलेल्या रोपांच्या मागे जाऊन ती परत मागणे. आम्ही यादी केली. अकरा घरे निघाली. दोन घरी रोपे उन्हाळ्यातच मेली होती आणि ते सांगायला यजमान संकोचत होते. आमचा सुटकेचा निःश्वास त्यांना कळला नसावा. तीन घरी लाल पानांची जात निघाली. ती संकरित आहे, तिला उगवणारे बी सहसा धरत नाही. ती राहू द्या म्हटले. उरलेल्या घरी सगळा प्रकार समजावून सांगितला. बहुतेकांनी ऐकले. शालीऐवजी ज्यांना रोप दिले होते त्या स्नेह्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या त्या भाषणानंतर मी यावर एक लेख लिहिला होता." लेख त्यांनी परत घेतला नाही. गवत मात्र उपटले.

वर्गात जाऊन त्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले की आमचे उत्तर अर्धवट होते. जन्मस्थानावर देशीपण ठरत नाही, हे अजूनही खरे वाटते. पण नुसत्या रुजण्यावरही ते ठरत नाही. ते दोन्ही बाजूंनी ठरते: येणाऱ्याने काय सोडले आणि राहणाऱ्याने काय पत्करले. हे वनस्पतींचे तत्त्व उचलून माणसांना किंवा शब्दांना लावायचा मोह तिला होईल, तेव्हा तिने आमच्यापेक्षा सावध राहावे, असेही सांगितले. माणसाला कुणासाठी गळणे सोडावे लागू नये. तिने ते वहीत लिहून घेतले. आम्ही म्हणालो, लिहू नकोस, पुन्हा विचार.

मुरमाच्या त्या वाफ्यातला मुरूम आम्ही काढला, काळी माती परत भरली आणि २०२४ च्या पावसाळ्यात तिथे ज्वारीच्या दोन ओळी पेरल्या. बी काकाजींच्या घरातल्या एका जुन्या मडक्यातून आले. चौदा ताटे आली. निम्मी कणसे पाखरांनी रिकामी केली. आम्ही हाकलले नाही. कोजागिरीला लेकीने पाच धांडे कापले, आणि या वेळी मखर वेडेवाकडे झाले, कारण ज्वारीचा धांडा चवरीसारखा लवत नाही. त्यानंतरही काही कणसे महिनाभर तशीच उभी होती. दाणे पिकून कडक झाले होते, एकही खाली पडला नव्हता. एका रविवारी आईंनी ती कापायला लावली. दीड शेर ज्वारी निघाली. दोन वेळच्या भाकरी झाल्या.

चवरीचे बी अजून मातीत आहे. ते २०३० पर्यंत तरी जिवंत राहील, असा हिशेब धरून आम्ही दर मृगात पहिल्या पावसानंतर आठव्या दिवशी रस्त्याची कड आणि धुरा पायी पाहून येतो. २०२४ मध्ये चौतीस रोपे निघाली, २०२५ मध्ये एकोणीस. एकाला तेवढ्यात तुरा आला होता. सकाळचे ऊन त्याच्या पाठीमागून येत होते. आम्ही दोघेही क्षणभर थांबलो, आणि मग तो तुरा मुठीत घट्ट धरून आधी कापला.